हाय-लोचा दांडा कुणाच्या हातात?



"छोट्या ट्रॅक्टरात दम नाही." मुखेडपासून निलंग्यापर्यंत कुठल्याही पारावर बसा, हे वाक्य कानावर येतेच. दोन हंगामांत क्लच गेला, म्हणजे दम नाही. पंजी जमिनीत उतरली की चाक जागेवर फिरते, म्हणजे दम नाही. रोट्याने ढेकळे फुटत नाहीत, म्हणजे दम नाही. डिझेल मात्र मोठ्या भावासारखे पिते. घेणारा नशिबाला बोल लावतो, शेजारी त्याला हसतो, आणि विकणारा म्हणतो, "तेव्हाच सांगत होतो, मोठा घ्या. बँक वाढीव कर्ज देते."

आमचे म्हणणे सरळ आहे. दम यंत्रात आहे. तो बाहेर काढायचा दांडा सीटच्या बाजूला आहे. एक दांडा एक-दोन-तीनचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा बारका दांडा हाय आणि लोचा. त्याच्यावर कुठे इंग्रजी अक्षर असते, तर कुठे सशाचे आणि कासवाचे चित्र असते. ससा-कासवाची गोष्ट आपल्याला शाळेत मास्तरांनी सांगितली. या दांड्यावरच्या ससा-कासवाची गोष्ट मात्र ना विकणाऱ्याने सांगितली, ना अनुदान देणाऱ्याने, ना हप्ता वसूल करणाऱ्याने. तिघांचेही पैसे वाजले. खड्ड्यात शेतकरी आहे.

भाव सोडून गिअरची गोष्ट कशाला?

इथे आमचेच काही जुने कार्यकर्ते हरकत घेतील. ते म्हणतील, सरकार इतकी वर्षे हेच तुणतुणे वाजवत आले, की भाव मागू नका, खर्च कमी करा, खत मोजून टाका, पाणी मोजून द्या. आता तुम्हीही तेच सांगायला लागलात?

हरकत रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला आणि मालदांडी ज्वारीचा ३७४९. कापूस बाजारात यायच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, दिल्लीने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत चालवली. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून घरी यायच्या वेळी गिरणीवाल्याला परदेशाचे दार उघडे. हा दरोडा आहे. ट्रॅक्टरचा गिअर नीट टाकल्याने हा दरोडा थांबत नाही, आणि थांबतो असे सांगणारा माणूस सरकारचा भाट समजावा. भावाची लढाई आहे तिथेच आहे.

पण संघटनेने नुसता भाव कधी मागितला नाही. शरद जोशींनी बाजाराच्या स्वातंत्र्याबरोबर तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. २००१ साली गुजरातेतला बिनपरवान्याचा बीटी कापूस उपटून जाळा असा हुकूम सरकारने काढला, तेव्हा शेतकऱ्यांनी बियाणे निवडण्याचा हक्क मागितला. मार्च २००२ मध्ये त्याच तंत्राला सरकारला मान्यता द्यावी लागली. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य म्हणजे नुसते यंत्र विकत घेण्याची मुभा नव्हे. घेतलेले यंत्र आपल्या बुद्धीने चालवता येणे हाही त्याचाच भाग. नाहीतर सावकाराच्या जागी मेकॅनिक येतो, एवढाच फरक.

आणि आणखी एक. डिझेल जीएसटीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आणला म्हणून केवढा गाजावाजा झाला! पण ट्रॅक्टर आयुष्यात एकदा घ्यायचा, डिझेल रोज. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे आणि राज्याचा व्हॅट वेगळा. चुकीच्या गिअरमध्ये जळालेल्या प्रत्येक लिटरमागे आपण दोन सरकारांना कर भरतो, तोही फुकट जिरलेल्या डिझेलवर. असा कर भरून देशसेवा करण्याची आमची तयारी नाही.

बैलाला जे कळते ते

आपला भाग बैलांचा. लाल कंधारी आणि देवणी हे दोन्ही वाण आपल्याच मातीतले. हाळीच्या बाजारात आणि माळेगावच्या यात्रेत बैल पारखणारी नजर आपल्याकडे आहे. मग यंत्र पारखायला अडचण कसली?

हिशेब करू. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतके काम. आठशे किलोची जोडी दिवसभर ओढते ती साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ओढ, म्हणजे ऐंशी किलो. चाल तासाला अडीच किलोमीटर. गुणाकार केला तर जोडी मिळून पाऊण अश्वशक्ती भरते. एवढ्यात आपल्या बापजाद्यांनी जमिनी कसल्या.

आता पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या. ही शक्ती इंजिनाची. गिअरपेटी, चाक, माती यांचा हिस्सा वजा जाता ओढायला नऊ उरली असे धरू. तासाला सहा किलोमीटर वेगाने चालवला तर या नऊ अश्वशक्तीतून चारशे किलोची ओढ मिळते. तीन किलोमीटरने चालवला तर आठशे किलोची. शक्ती तेवढीच. वेग अर्धा केला की ओढ दुप्पट होते. हाय-लोच्या दांड्याचे सगळे गुपित एवढेच आहे. लो म्हणजे जादा ताकद नव्हे. लो म्हणजे वेग देऊन ओढ विकत घेणे. हाय म्हणजे ओढ देऊन वेग विकत घेणे. रोखीचा व्यवहार आहे, उधारी नाही.

औत अडले की शहाणा औतकरी काय करतो? बैलांना पळवत नाही. आसूड खाली ठेवतो, सावकाश घेतो, दमाने काढतो. तोच माणूस ट्रॅक्टरवर बसला की हायमध्ये टाकतो, अडला की अर्धा क्लच दाबून इंजिन गुरगुरवतो आणि क्लचची पट्टी जळाल्याचा वास आला की म्हणतो, दम नाही! अर्ध्या क्लचवर यंत्र ओढायला लावणे म्हणजे बैलाच्या मानेवर आलेले जू काढून शेपटीला बांधणे.

पण इथेच दुसरा धोका आहे आणि तोही सांगितला पाहिजे. लोमध्ये टाकले म्हणजे वाटेल ते ओढेल, असे नाही. छोट्या ट्रॅक्टरचे वजन आठशे किलो धरले तर घट्ट जमिनीत चाकाची पकड त्याच्या निम्मी, म्हणजे चारशे किलो. इंजिन आठशेची ओढ द्यायला तयार आहे, पण चाक चारशेलाच घसरते. उरलेला जोर टायर झिजवण्यात जातो. म्हणून छोट्या ट्रॅक्टरला पाच फणांची पंजी शोभते. शेजाऱ्याची नऊ फणांची पंजी मागून आणायची आणि लोमध्ये टाकून देवाचे नाव घ्यायचे, हा धंदा परवडणारा नाही. गिअर आधी की अवजार आधी, असे कुणी विचारले तर अवजार आधी. अवजार बेताचे असेल तरच गिअर निवडण्याला अर्थ आहे.

कामाकामाचा गिअर

गिअर निवडण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. या कामाला वेग किती लागतो? ओढ किती लागते? मागे पीटीओ फिरतो की नाही?

रोट्यापासून सुरू करू, कारण लूट तिथे जास्त आहे. रोट्याचे पाते मातीचा किती जाडीचा काप घेते हे दोन गोष्टींवर ठरते: पाते किती वेगाने फिरते आणि ट्रॅक्टर किती वेगाने पुढे जातो. रोट्याचा दांडा मिनिटाला दोनशे फेरे घेत असेल आणि एका ओळीत तीन पाती लागत असतील तर मिनिटाला सहाशे घाव पडतात. ट्रॅक्टर तासाला तीन किलोमीटरने चालला तर मिनिटाला पन्नास मीटर जातो, म्हणजे दर घावाला आठ सेंटिमीटरचा काप. सहा किलोमीटरने गेला तर सोळा-सतरा सेंटिमीटरचा काप, म्हणजे ढेकळे तशीच आणि रोट्याच्या गिअरपेटीवर मार. दीड किलोमीटरने गेला तर चार सेंटिमीटर, म्हणजे मातीचे पीठ. काळ्या रानात पीठ केले की पहिल्या पावसाला पापडी धरते, कापसाचा कोंब वर यायला धडपडतो आणि जोराच्या पावसात तीच भुकटी वाहून ओढ्याला लागते.

यावर उपाय काय? रेस कमी-जास्त करून वेग सांभाळायचा नाही. पीटीओला ५४० फेऱ्यांची खूण मीटरवर असते, तिथे इंजिन ठेवायचे. रोटा पूर्ण वेगाने फिरला पाहिजे. पुढे जायचा वेग गिअरने ठरवायचा. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत हे काम लोमधल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये होते. भारी ओलसर काळी असेल तर पहिला, मध्यम जमीन असेल तर दुसरा. डिझेल वाचवायला रेस उतरवून रोटा मारणारा माणूस एका बाजूने वाचवतो आणि दुसऱ्या बाजूने दुसरी पाळी मारून दुप्पट जाळतो.

पंजी आणि मोगड्याचा हिशेब उलटा. तिथे पीटीओ नाही, फक्त ओढ आहे. जमीन हलकी, मुरमाड, एक पाळी आधी झालेली असेल तर लोमध्ये पूर्ण रेस देऊन चालण्यात शहाणपण नाही. इंजिन नुसतेच किंचाळते. अशा वेळी एक गिअर वर घ्या आणि रेस उतरवा. तेवढेच काम, कमी फेऱ्यांत, कमी डिझेलात होते. मात्र इंजिन धापा टाकायला लागले, धूर काळा झाला, की गिअर खाली. रेस वाढवून काळा धूर काढत रेटणे हे जिद्दीचे लक्षण नव्हे, अडाणीपणाचे आहे. बालाघाटाच्या उतारावरच्या हलक्या रानाचा गिअर गोदाकाठच्या काळ्या रानाला लागू पडत नाही. एकाच शेतातही वरचा बांध आणि खालचा बांध यांचा गिअर वेगळा असू शकतो.

पेरणीत तर घाई म्हणजे हंगामाशी खेळ. रब्बी ज्वारी सरत्या ओलीवर येते. बी ओलीत टेकले तरच उगवते. वेग वाढला की पेरणीयंत्राचे फण उचलले जातात, बी कोरड्या थरात पडते, काही सर्त्यांतून नीट गळत नाही, आणि मग तासातासात तुटाळी. तासाला तीन-चार किलोमीटर हा पेरणीचा वेग. तिफणीमागे चाललेल्या बायांना हा वेग पायाने माहीत आहे. लो दुसरा-तिसरा टाकला की तो साधतो. अर्धा दिवस लवकर पेरून झाले म्हणून कुणी बक्षीस देत नाही. दुबार पेरणीचे बियाणे मात्र विकत घ्यावे लागते.

कोळपणीला छोट्या ट्रॅक्टरचे खरे माप कळते. तीन-चार फुटांवर लावलेल्या कापसात तोच शिरतो, मोठा नाही. इथे ओढ फार लागत नाही, पण वेग जपावा लागतो. पराटीचे रोप गुडघ्याखाली असताना जोरात गेले की माती रोपावर चढते आणि वळणावर दोन-चार झाडे जातात. म्हणून लो ठेवा पण रेस पूर्ण देऊ नका.

फवारणीचा हिशेब वेगाशी बांधलेला आहे आणि तो कुणी सांगत नाही. चार मीटरचा पट्टा आणि मिनिटाला दहा लिटर पाणी सोडणारा पंप असेल तर तासाला तीन किलोमीटरने एकरी वीस मिनिटे लागतात आणि दोनशे लिटर पडते. तोच ट्रॅक्टर हायमध्ये सहा किलोमीटरने नेला तर दहा मिनिटे आणि शंभर लिटर. औषध अर्धेच पडले. बोंडअळी मरत नाही, आणि आपण म्हणतो औषध बनावट होते. बनावट औषधे विकणारे आहेत, त्यांना आम्ही सोडणार नाही. पण त्यांना कोर्टात उभे करायचे तर आधी आपला वेग आणि आपले माप पक्के असले पाहिजे.

ट्रॉली हे हायचे काम. रिकामी असो की भरलेली, सपाट डांबरी रस्त्यावर लोमध्ये नेणे म्हणजे डिझेलची होळी. पण रस्ता संपून पांदण लागली, चढ आला, ओढा उतरायचा आला की हाय सोडायचा. कधी सोडायचा, यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

चढ-उताराला उधारी चालत नाही

हाय-लोचा दांडा बहुतेक ट्रॅक्टरांत उभ्या गाडीवर टाकायचा असतो. गाडी थांबवायची, क्लच पूर्ण दाबायचा, मग दांडा हलवायचा. चालत्या गाडीवर खाडकन ओढला तर दात तुटतात. ते दात गिअरपेटीत आत असतात, बदलायला अर्धा ट्रॅक्टर खोलावा लागतो.

खरे संकट उतारावर. भरलेली ट्रॉली मागे आहे, घाटाचा उतार सुरू झाला, आणि मध्येच ध्यानात आले की लोमध्ये टाकायला हवे होते. दांडा हायमधून निघतो, लोमध्ये बसत नाही, मध्ये न्यूट्रलला लटकतो. आता इंजिनाचा धाक संपला. मागचे दोन-तीन टन वजन पुढच्या आठशे किलोच्या ट्रॅक्टरला ढकलत नेते. ब्रेक ट्रॅक्टरला आहे, ट्रॉलीला बहुधा नाही. पुढे काय होते ते सांगायला नको. म्हणून नियम एकच: उतार सुरू होण्याआधी माथ्यावर थांबा, लोमध्ये टाका, आणि पायथा येईपर्यंत क्लचला पाय लावू नका. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारा माणूस दोन रुपयांच्या डिझेलासाठी घरदार गहाण ठेवतो.

दुसरे संकट चिखलाचे. काळ्या रानात मागची चाके रुतली. पहिला लो टाकला, पूर्ण रेस दिली, क्लच एकदम सोडला. चाक फिरायला जागा नाही, आणि लोमधली सगळी पीळ आसाला बसली. चाक फिरत नसेल तर ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो. तोंड उचलते, आणि बसलेला माणूस खाली सापडतो. विचार करायलाही वेळ मिळत नाही. साखळी सीटच्या मागे उंच बांधली असेल तर हे आणखी लवकर होते. ओढायची साखळी नेहमी खालच्या ओढपट्टीलाच बांधा. रुतल्यास आधी मागे घेऊन पाहा, चाकापुढची माती काढा, क्लच हळू सोडा, आणि तोंड उचलते असे वाटले की क्लच दाबा. मडगार्डवर पोरगे बसवून रुतलेला ट्रॅक्टर काढायचा नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही.

अज्ञानावर कोण जगते?

आता हिशेब चुकता करू.

भाड्याने रोटा मारणारा एकरावर पैसे घेतो. त्याने लवकर एकर संपवला की त्याचा फायदा. म्हणून तो हायमध्ये मारतो, वर वर खरडतो आणि पुढच्या बांधावर जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्याही डोक्यावर हप्ता आहे. बोलीच चुकीची आहे. एकराच्या बोलीत वेगाला दाम मिळतो, कामाला नाही. बोली तासावर करा किंवा एकरावर करायची तर खोली आणि गिअर ठरवून करा. बांधावर उभे राहून पाहणाऱ्याला गिअर कळत असेल तर फसवणूक निम्मी होते.

विकणारा अश्वशक्तीचा आकडा दाखवतो. एकाच अश्वशक्तीच्या दोन ट्रॅक्टरांत एकाला सहा पुढचे गिअर असतात, एकाला आठ, एकाला नऊ. कुठल्या गिअरमध्ये किती वेग मिळतो हा तक्ता पुस्तकात असतो आणि पुस्तक पिशवीत. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात गिअरनिहाय वेग असतो, ओढ असते, डिझेलचा खप असतो. एवढे सगळे मोजलेले आहे. ते मोजलेले शेतकऱ्यापर्यंत मराठीत का येत नाही? कारण ज्याला वेगाचा तक्ता वाचता येतो तो गरज नसलेला मोठा ट्रॅक्टर घेत नाही.

आणि सरकार? २०१२ साली सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना काढली. ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि अवजारे, साडेतीन लाखांची मर्यादा, ९० टक्के अनुदान. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या औतच मिळाले नाही त्यांच्या हाती ट्रॅक्टर आला याचे आम्हाला अप्रूप आहे. पण फोटो काढला, चावी दिली आणि साहेब जीपमध्ये बसले. गटातल्या दहा जणांपैकी चालवता कुणाला येते, हा प्रश्न कागदावर नव्हता. मग तोच ट्रॅक्टर ट्रॉलीला जुंपला जातो, वाळू-विटा वाहतो आणि दोन वर्षांत शेडमध्ये उभा राहतो. पुन्हा तेच शहाणे म्हणतात, "या लोकांना फुकट दिले की असेच होते." यंत्र देऊन ज्ञान न देणे म्हणजे तोंडाला पाने पुसणे.

दुसरीकडे काय चालले आहे ते आठवा. २०२५ च्या पावसाळ्यात आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने स्वतःच्या खांद्यावर जू घेतले आणि मागे त्याच्या कारभारणीने औत धरले. बैल परवडत नाहीत, ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही. सारा देश दोन दिवस हळहळला आणि विसरला. राज्यातला सरासरी खातेदार २०१५-१६ च्या कृषी गणनेत दीड हेक्टरच्याही आत आला होता. अशा खातेदाराला पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे मुंगीला हत्तीचे जेवण. त्याच्या मापाचे यंत्र छोटेच. ते चुकीच्या चालवण्याने बदनाम झाले तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: कर्जाचा मोठा ट्रॅक्टर नाहीतर स्वतःचा खांदा.

आणि मायबहिणींनो, तुमच्यासाठी वेगळे सांगतो. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात तुम्ही लाखोंनी आलात. शेतातली निम्म्याहून जास्त कामे तुमची, आणि यंत्र आले की ते पुरुषांचे, हा न्याय कुठला? लोमध्ये टाकलेला छोटा ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालतो. तो चालवायला मनगटाचा जोर लागत नाही, डोके लागते. खुरपणीला वाकणाऱ्या पाठीने आता स्टेअरिंगवर बसावे.

स्वतः मोजा

कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, आमच्याही नाही. शेतात तीस मीटरवर दोन काठ्या रोवा. अवजार लावून, कामाच्या रेसवर, ट्रॅक्टर त्यांच्यामधून न्या. मोबाइलवर सेकंद मोजा. १०८ ला त्या सेकंदांनी भागा, तासाला किती किलोमीटर ते आले. छत्तीस सेकंद लागले तर तीन, सत्तावीस लागले तर चार, अठरा लागले तर सहा. प्रत्येक गिअर असा मोजा आणि खडूने मडगार्डच्या आतून लिहून ठेवा.

चाक घसरते का तेही मोजा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. अवजार उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजा, मग अवजार जमिनीत घालून मोजा. रिकामे अठ्ठावीस मीटर गेले आणि कामात चोवीस, तर शंभरात चौदा घसरण झाली. एवढी चालते. वीसच मीटर गेले तर शंभरात अठ्ठावीस-एकोणतीस वाया, म्हणजे तुमच्या डिझेलाचा चौथा हिस्सा टायर घासण्यात गेला. फण कमी करा, खोली कमी करा किंवा चाकाला वजन लावा.

मागणी

जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, अनुदानाचा असो वा रोखीचा, प्रत्येक ट्रॅक्टरच्या मडगार्डवर गिअरनिहाय वेगाचा तक्ता मराठीत लावलेला असावा, त्याशिवाय विक्री नाही. दोन, परभणीचे कृषी विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रे यांनी पेरणीआधी गावाच्या रानात, खऱ्या ढेकळांत, ट्रॅक्टर चालवून दाखवावा. सभागृहात पडद्यावर नको. आणि त्यात निम्म्या जागा बायांच्या. तीन, गावोगाव रोट्याची बोली तासावर किंवा खोलीवर करण्याचा ठराव ग्रामसभेत व्हावा. चार, शेतीच्या डिझेलवरचे दोन्ही सरकारांचे कर रद्द व्हावेत.

पहिल्या तीन गोष्टींची सरकारने वाट पाहायला लावली तर आपण आपल्या करू. खडू आणि मोबाइल आपल्याकडे आहे. चौथीसाठी रस्त्यावर यावे लागेल, आणि आपण येऊ. बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या किमान पाच ट्रॅक्टरांचे मोजलेले वेग लिहून आणावेत. ते आकडे हातात असले की साहेबांपुढे बसताना आपल्याला कुणाचे तोंड पाहावे लागणार नाही.

भीक नको, हवे घामाचे दाम!